बेहड्याखाली मिळालेली विद्या

मराठीत गवई पट्टीचा असतो, पोहणारा पट्टीचा असतो, पहिलवान कसलेला असतो आणि वकील निष्णात असतो. जुगारी मात्र अट्टल असतो. हे विशेषण त्याला चोर, दरोडेखोर आणि दारुडा यांच्याबरोबर वाटून घ्यावे लागते. भाषेने केलेली ही वाटणी निर्हेतुक नाही. ज्याच्या अंगी विद्या आहे त्याला एक विशेषण, ज्याच्या अंगी केवळ खोड आहे त्याला दुसरे, असा तिचा हिशेब दिसतो. वस्तुतः खेळाने दिलेले शब्द आपण बिनदिक्कत वापरतो. आपण डाव साधतो, सर्वस्व पणाला लावतो, फासे उलटे पडले म्हणून हळहळतो आणि निवडणूक आली की हुकमाचा एक्का बाहेर काढतो. खेळणाऱ्याला तेवढे घरात घेत नाही.

त्यामुळे पत्त्यांवर उपजीविका करणारा, एक नव्हे तर अनेक प्रकारचे डाव सारख्याच सफाईने खेळणारा आणि आयुष्यभर तेच करून प्रतिष्ठा मिळवणारा माणूस असू शकतो, ही कल्पनाच आपल्याला परकी वाटते. अमेरिकेत अशी माणसे होऊन गेली. डेव्हिड रीझ (१९५१–२००७) हे त्यांतले ठळक नाव. जग त्याला 'चिप' म्हणूनच ओळखते. डार्टमथ कॉलेजचा हा पदवीधर पुढील शिक्षणासाठी स्टॅनफर्डला जायला निघाला, वाटेत लास वेगासला थांबला, पोकरच्या टेबलावर जिंकला आणि स्टॅनफर्ड राहूनच गेले. डॉयल ब्रन्सनच्या 'सुपर सिस्टीम' या पोकरवरील गाजलेल्या ग्रंथात सेव्हन-कार्ड स्टड या प्रकाराचे प्रकरण त्याने लिहिले. १९९१ मध्ये पोकरच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची नोंद झाली. २००६ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये पन्नास हजार डॉलर प्रवेशशुल्काची एक नवी स्पर्धा ठेवण्यात आली. तीत पोकरचे पाच निरनिराळे प्रकार आळीपाळीने खेळावे लागत आणि त्या पाचांच्या आद्याक्षरांवरून स्पर्धेला 'हॉर्स' असे नाव होते. पहिल्याच वर्षी ती रीझने जिंकली. पुढील वर्षी डिसेंबरात तो वारला आणि तेव्हापासून बहुप्रकारांच्या त्या मोठ्या स्पर्धेचा करंडक त्याच्या नावाने दिला जातो. एका प्रकारात तरबेज असलेले खेळाडू पुष्कळ सापडतात. पाचही प्रकारांत जो पाय रोवून उभा राहतो त्याला व्यावसायिक खेळाडूंच्या जगात वेगळाच मान असतो, एवढे या करंडकावरून कळते.

असा खेळाडू आपल्या परंपरेत होता काय, हा प्रश्न आम्हाला काही दिवस पडला होता. शोध घेताना आम्हाला फार लांब जावे लागले नाही. तो विदर्भाचा जावईच निघाला.

नळराजाची कथा मराठी वाचकाला ठाऊक असते ती बहुधा हंसापर्यंत. रघुनाथ पंडितांच्या 'नलदमयंती स्वयंवराख्याना'ने आपल्या मनावर जो ठसा उमटवला तो नावाप्रमाणेच स्वयंवराचा आहे. शाळेत हंस, पुढे स्वयंवर, आणि मग एकदम 'नळाने जुगारात राज्य घालवले' हे एक वाक्य. महाभारताच्या वनपर्वात मात्र नलोपाख्यानाचा खरा भर स्वयंवरानंतरच्या भागावर आहे. बृहदश्व ऋषी ही कथा सांगतो ती युधिष्ठिराला, म्हणजे जो स्वतः नुकताच सर्वस्व हरून वनात बसला आहे त्याला. माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला काय, असे तो विचारतो आणि उत्तरादाखल ही कथा येते. दुःखितावर फुंकर घालण्यासाठी सांगितलेली ही गोष्ट आहे हे तर खरेच. पण ती एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूच्या चुका समजून घ्याव्यात म्हणूनही सांगितली आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

कथेतील नळ बहुगुणी आहे. घोडे ओळखणे आणि हाकणे यांत त्याची बरोबरी करणारा कोणी नाही. स्वयंपाकात तो इतका कुशल, की पाकशास्त्रालाच पुढे त्याचे नाव चिकटले आणि आजही आपण उत्तम रांधणाऱ्याचे कौतुक करताना 'नळपाक' म्हणतो. फक्त फाशांची विद्या त्याच्यापाशी नाही. फाशांची हौस आहे. भाऊ पुष्कर त्याला खेळायला बोलावतो, कली त्याच्या अंगात शिरतो, द्वापर फाशांत शिरतो आणि महिनोन्‌महिने खेळ चालतो. मंत्री दाराशी येऊन उभे राहतात, दमयंती विनवते, नळ मान वर करीत नाही. पुढचे ओळखून दमयंती सारथ्याबरोबर मुलांना कुंडिनपुरास आपल्या माहेरी पाठवून देते. ज्याने कोणी खेळाच्या नादी लागलेला माणूस जवळून पाहिला आहे त्याला या प्रसंगात एक अक्षरही जास्तीचे वाटणार नाही.

येथे कली आणि द्वापर ही नावे कोठून आली हे पाहण्यासारखे आहे. वैदिक काळातील फासे म्हणजे आजचे ठिपक्यांचे घन नव्हेत. बेहड्याची सुकलेली फळे हेच फासे. खेळ नेमका कसा चाले याविषयी विद्वानांत वाद आहेत. पण जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स याने १९०७ मध्ये मांडलेले आणि पुढे अनेकांनी स्वीकारलेले मत असे, की ढिगातून उचललेल्या फळांची संख्या मोजली जाई. चाराने पुरता भाग गेला तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कली. युगांची नावे ही या दानांची नावे आहेत. म्हणजे नळाच्या अंगात शिरलेला कली हा मुळात हरलेला डावच. अशा खेळात जिंकायचे तर हात चलाख हवा, त्याहून जास्त नजर हवी. ढीग पाहताक्षणी मोजता आला पाहिजे.

नेमके हेच नळ पुढे शिकतो, आणि शिकतो तो विदर्भाच्या वाटेवर. राज्य गेले, दमयंतीला अरण्यात सोडले, रूप पालटले आणि 'बाहुक' या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे पगारी नोकर म्हणून राहिला. घोडे त्याच्याकडे, मुदपाकखान्यावर देखरेखही त्याचीच. इकडे दमयंती त्याला शोधून काढण्यासाठी आपल्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी फक्त ऋतुपर्णापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करते. मुदत एका दिवसाची. एका दिवसात अयोध्येहून कुंडिनपूर गाठू शकेल असा सारथी पृथ्वीवर एकच आहे हे तिला पक्के माहीत असते. रथ निघतो. वाटेत ऋतुपर्णाचे उपरणे उडून पडते. ते घ्यायला थांब म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे आलेला असतो. राजा दिपून जातो, आणि थोडा दुखावतोही. माझ्याजवळही एक विद्या आहे, असे दाखवण्याची त्याला उबळ येते. समोर बेहड्याचे झाड असते. त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि दोन हजार पंच्याण्णव फळे आहेत, असे तो चालत्या रथातून सांगतो. नळ रथ थांबवतो. उशीर होईल म्हणून राजा कासावीस होतो. नळ ऐकत नाही. झाड पाडून तो फळे मोजतो. ती तेवढीच भरतात.

या प्रसंगाकडे आधुनिक काळात ज्यांचे लक्ष गेले त्यांत तत्त्वज्ञ इयन हॅकिंग हे एक. संभाव्यताशास्त्राच्या उगमाविषयीच्या १९७५ मधील ग्रंथात त्यांनी नळाच्या कथेची दखल घेतली आहे. युरोपात जुगाराचे गणित सतराव्या शतकात पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून आकार घेते. त्याच्या कितीतरी आधी रचलेल्या या कथेत मात्र झाडावरची फळे अदमासाने मोजणे आणि फासे खेळणे या एकाच विद्येच्या दोन बाजू मानल्या आहेत. ऋतुपर्ण म्हणतो ते अगदी सरळ आहे: मी अक्षहृदय जाणतो, म्हणून मी संख्येत निपुण आहे. नळ त्या विद्येच्या बदल्यात आपले अश्वहृदय देऊ करतो. राजाला विदर्भात पोहोचण्याची घाई असल्याने तो अक्षहृदय तेथेच देऊन टाकतो आणि अश्वहृदय तुझ्यापाशीच ठेव म्हणून राहू दे, असे सांगतो. (अमेरिकेतील त्या स्पर्धेचे नाव 'हॉर्स' असावे हा निव्वळ योगायोग, परंतु आमच्यासारख्या भाषेच्या मास्तरांना असे योगायोग सोडवत नाहीत.)

विद्या मिळताच कली नळाच्या देहातून विष ओकत बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. तेव्हापासून ते झाड अशुभ ठरले, असे महाभारतच सांगते. अमरकोशात बेहड्याचे पर्याय पाहावेत: अक्ष, कर्षफल, भूतावास, कलिद्रुम. फासा, वजनाचे माप, भुतांचे घर, कलीचे झाड. चार शब्दांत सगळी कथा आली. आमच्या कुही तालुक्याच्या कडेने उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जे रान पसरले आहे त्या जातीच्या रानांत बेहडा आपसूक वाढतो. लोक त्याची फळे गोळा करतात ती त्रिफळ्यासाठी. त्या फळांनी एके काळी राज्ये इकडची तिकडे केली हे विद्यार्थ्यांना सांगितले तर ते हसतात. फळ हातात घेऊन मोजायला लावले की मात्र गंभीर होतात.

अक्षहृदयाचा प्रवास नळापाशी थांबत नाही, आणि आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. कथा संपल्यावर बृहदश्व हीच विद्या युधिष्ठिराला देतो. अज्ञातवासाचे वर्ष येते तेव्हा युधिष्ठिर वेष घेतो तो जुगाऱ्याचा. कंक नावाचा ब्राह्मण, फाशांत निपुण, विराटाच्या सभेत राजाबरोबर खेळण्यासाठी ठेवलेला. राजाश्रयाने राहणारा व्यावसायिक द्यूतकार याहून वेगळा काय असतो? महाभारतात असे वर्णन आहे की अक्षहृदय जाणणारा तो पांडव सभेतल्या खेळणाऱ्यांना दोरीने बांधलेल्या पाखरांप्रमाणे हवे तसे खेळवी; आणि जिंकलेले धन विराटाच्या नकळत भावांना वाटून देई. भीम स्वयंपाकी होता, अर्जुन नृत्यशिक्षक होता, नकुल-सहदेव घोडे आणि गाई राखीत होते. धर्मराजाची कमाई फाशांची होती. ज्याच्या नावातच धर्म आहे त्याने वर्षभर जुगारावर घर चालवले ही गोष्ट कीर्तनांतून फारशी ऐकू येत नाही. विराटाची मत्स्यनगरी पंडित राजस्थानात दाखवतात. विदर्भाचा लोकसमज निराळा आहे. मेळघाटात चिखलदऱ्याजवळच्या सर्वांत उंच टोकाला वैराट म्हणतात, आणि भीमाने कीचकाला लोटले ती दरी तीच, असे तेथे सांगतात. लोकसमज खरा धरला तर धर्मराजानेही आपले फासे विदर्भातच टाकले.

आता तिसरा खेळाडू. तोही विदर्भाकडेच आला, पण अगदी वेगळ्या कारणाने. 'लीळाचरित्रा'च्या एकांकात हरिपाळदेवाची हकिकत येते. हा भडोचच्या प्रधानाचा मुलगा. महानुभावांच्या श्रद्धेप्रमाणे त्याच्या मृत देहात चांगदेव राऊळांनी प्रवेश केला आणि तो पुन्हा उठला. पुढे त्याला जुगाराचा नाद लागला. एकदा तो मोठी रक्कम हरला. देणे भागवण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले आणि तिने नकार दिला. या नकाराने त्याचे मन संसारावरून उडाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त काढून तो निघाला. शत्रूच्या मुलखातून जावे लागणार म्हणून वडील राजी नव्हते. त्यांनी बरोबर माणसे दिली, ती त्याने वाटेत एकेक करून परत पाठवली. रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले, आणि हरिपाळदेवाचा चक्रधर झाला. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानतात त्याच्या नायकाची कथा अशा रीतीने हरलेल्या डावापासून सुरू होते. ह. ना. नेने यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात नागपुरातून 'लीळाचरित्र' छापायला घेतले, डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. तेव्हापासून आमच्यासारख्या कितीतरी पिढ्या हा ग्रंथ अभ्यासत आल्या. बहुतेकांनी जुगाराचा प्रसंग ओलांडून वैराग्यावर मुक्काम केला. आम्हीही शिकवताना तेच करीत होतो.

नळ आणि हरिपाळदेव यांना शेजारी ठेवून पाहावे. दोघे राजकुळाच्या सावलीतले, दोघे हरलेले, दोघांचीही विदर्भाची वाट त्यांच्या आयुष्याचे वळण ठरली. नळ हरतो, विद्या शिकतो आणि परत खेळायला जातो. हरिपाळदेव हरतो आणि खेळच सोडून निघतो. मराठी मनाने यांतला दुसरा मार्ग आपला मानला. संतांच्या वाङ्मयात प्रपंचच एक खोटा डाव होऊन गेला, आणि खेळात काही शिकण्याजोगे असते ही नळाची बाजू मागे पडली. याचा दोष आम्ही कोणाला देत नाही. ज्या समाजात हरलेल्या डावाचे देणे बायकोच्या अंगावरून उतरते, त्या समाजाने कमळाइसेच्या नकाराची आठवण जपली यात नवल नाही. अलीकडच्या स्त्रीवादी समीक्षेने कमळाइसेकडे अजून नीट पाहिलेले नाही, एवढे जाता जाता नोंदवतो.

धर्मशास्त्रकारही या प्रश्नावर एकमताचे नव्हते. मनूने द्यूत सरसकट निषिद्ध ठरवले. कौटिल्य व्यवहारी; त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी व्हावा असा दंडक घातला, फासे सरकारने भाड्याने द्यावेत असे सांगितले आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारात जमा करायला लावले. आजच्या पोकरच्या टेबलावर चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो, त्याची ही जुनी आवृत्ती.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा ज्या प्रांतांसाठी झाला त्यांत आमचा मध्यप्रांत होता. मुंबई इलाख्यात १८८७ चा कायदा आला आणि आज सगळ्या महाराष्ट्रात तोच लागू आहे. दोन्ही कायद्यांत एक छोटे कलम आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला यातले काही लागू नाही. नळ आणि पुष्कर यांच्यातला फरक इंग्रजाने एका ओळीत मान्य केला, आणि न्यायालये ती ओळ दीडशे वर्षे वाचीत बसली.

१९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे असे ठरवले. त्या निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याचे सूक्त आहे, मनू, याज्ञवल्क्य आणि कौटिल्य आहेत, राज्य गमावून बसलेले पांडव आहेत. नळ नाही, कंकही नाही. महाभारतातून न्यायालयाने हरण्याची बाजू तेवढी उचलली.

दहा वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६७ रोजी, दुसरी बाजूही मांडली गेली. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर पोलिसांनी धाड घातली होती. त्या प्रकरणाचा निकाल लिहिला न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हे गृहस्थ नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, येथेच वकिली केलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले. त्यांनी म्हटले की रमी ही तीनपत्तीसारखी केवळ नशिबाची नाही; पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे याला बरेच कौशल्य लागते. आम्हाला हे वाचताना बेहड्याचे झाड दिसते. मोजणे आणि ध्यानात ठेवणे, म्हणजे ऋतुपर्णाचीच कसोटी, नागपूरच्या एका न्यायमूर्तींनी कायद्यात आणून ठेवली. (१९९६ मध्ये त्याच न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरवल्या. अश्वहृदयालाही मान्यता मिळाली म्हणायची.) पोकरचे भांडण मात्र मिटले नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगारच ठरवले. एकच खेळ खेळणारा माणूस कोलकात्यात खेळाडू आणि अहमदाबादेत आरोपी.

हिदायतुल्ला यांच्या निकालाचा एक भाग मात्र पुढे सोयीस्करपणे विसरला गेला. क्लबचालक खेळातून स्वतः नफा कमावीत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असेही त्यांनी तेथेच लिहिले होते. मोबाईलवरील रमीच्या जाहिराती सुरू झाल्या तेव्हा 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत आले. हे उरलेले वाक्य कोणत्याही जाहिरातीत आले नाही.

आमच्या भागात जुगार नवीन नाही. पोळ्याच्या दोन दिवसांत पत्त्यांचे फड बसतात, कोठे कोंबडबाजार भरतो, सट्टापट्टीचे आकडे पानठेल्यावर कुजबुजले जातात. गोसीखुर्द धरणाखाली या तालुक्यातली गावे गेली. भरपाईचा पैसा घरात आला की त्याच्या वासाने कोण कोण ओट्यावर येऊन बसते हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. पण फडावर समोर बसलेला माणूस तरी दिसतो. तो गावचा असतो, त्याची लायकी माहीत असते. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने परीक्षा-शुल्काचे पैसे फोनवरच्या रमीत घालवले. 'सर, मी हुशारीने खेळत होतो,' असे तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. घरच्या फडावर तो जिंकत असे. फोनमध्ये समोर कोण बसले आहे, त्याने किती झाडे मोजली आहेत, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आपल्याला कौशल्य आहे असे पुष्करालाही वाटत होते.

रीझसारख्या माणसाचे कौतुक आम्ही कमी लेखत नाही. पाच प्रकारांत निपुण व्हायचे तर स्मरण, गणित, माणसांची पारख आणि हरल्यावर उठून जाण्याचा संयम इतके सगळे लागते. ही विद्याच आहे आणि मराठीत तिला नाव नसणे हे आपल्या भाषेचे दारिद्र्य आहे. पण त्या विद्येचा पगार कोठून येतो हेही पाहिले पाहिजे. शेतकरी धान्य पिकवतो, न्हावी केस कापतो. पोकरच्या टेबलावर नवे काही पिकत नाही. जिंकणाऱ्याच्या खिशातला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या खिशातून निघालेला असतो, आणि चालवणाऱ्याचा वाटा वजा जाता तो आधीपेक्षा कमीच झालेला असतो. एका रीझच्या उपजीविकेसाठी अनेक पुष्कर लागतात. कंकाने भावांना वाटलेले धनही विराटाच्या सभेतल्या कोणाचे तरी होते. महाभारतकारांना हे ठाऊक असावे. म्हणूनच की काय, कंकाच्या वर्षाचा शेवट त्यांनी विलक्षण केला आहे. उत्तराच्या विजयाचे श्रेय बृहन्नडेला दिल्याच्या रागाने विराट हातातला फासाच कंकाच्या तोंडावर मारतो. नाकातून रक्त येते, आणि ते जमिनीवर पडू नये म्हणून सैरंध्री भांड्यात झेलते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. दीडशे वर्षे घोटून ठेवलेला भेद फोनपुरता पुसला गेला. आमच्यापैकी एकाला हा कायदा अतिरेकी वाटतो, दुसऱ्याला तो दहा वर्षे उशिरा आलेला वाटतो, आणि शिक्षक-कक्षात यावर अजून वाद होतात. ज्या मुलांनी खरोखरच डोके चालवून काही मिळवले असेल त्यांच्यावर यात अन्याय झाला, हे उशिराच्या बाजूचाही माणूस मान्य करतो.

या वर्षी नलोपाख्यान शिकवताना आम्ही प्रथमच शेवटपर्यंत गेलो. नळ निषधास परततो, पुष्कराला पुन्हा खेळायला बसवतो आणि एकाच डावात राज्य परत मिळवतो. मागच्या डावानंतर पुष्कराने त्याला एका वस्त्रानिशी हाकलले होते. नळ तसे करीत नाही. तो पुष्कराला अभय देतो, त्याचा वाटा परत करतो, शंभर वर्षे जग म्हणतो. पुष्कर महिनाभर भावाचा पाहुणचार घेतो आणि आनंदाने आपल्या नगराला जातो. वर्गातल्या एका मुलीने विचारले, 'त्या महिन्याभरात नळाने त्याला ती विद्या शिकवली का?' आम्ही पोथी पुन्हा उघडली. वाटा दिल्याचे आहे, नगर दिल्याचे आहे, निरोपाच्या मिठीचे आहे. विद्या दिल्याचे नाही.